ताईची कसरत

मी पडलो तेव्हा जमीन कोरडी होती, उजेड भरपूर होता आणि मला कोणी धक्काही दिला नव्हता. अंघोळ करून मी खोलीच्या मधोमध उभा होतो. पँटचा एक पाय घालून झाला होता, दुसरा घालायचा होता. आयुष्यभर मी पँट अशीच घातली, उभ्या उभ्या, कशालाही न धरता. त्या सकाळी उजवा पाय उचलला आणि डावा आपला गुडघ्यात दुमडलाच. मी हात पुढे टाकला. अंगाचा सगळा भार त्या हातावर आला आणि मनगटात काहीतरी कडकन वाजलं.

बायको स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली.

"काय झालं हो?"

"काय न्हाई. तोल गेला."

तिनं मला भिंतीला टेकवून बसवलं, मनगट बघितलं, आधी माझी पँट नीट केली आणि मगच शेजारी हाक मारली. दवाखान्यात डॉक्टरांनी कसे पडलात म्हणून विचारलं, तेव्हा मी घसरलो म्हणणार होतो. तेवढ्यात ही म्हणाली, "पँट घालताना पडले. गाडी उभीच होती, कंडक्टर पडला."

डॉक्टर हसले. मलाही हसावं लागलं, पण ते वाक्य मला लागलं होतं. मी लाल गाडीचा कंडक्टर होतो. सगळी नोकरी जालना आणि भोकरदनच्या मधल्या रस्त्यांवर गेली. खांद्याला पैशाची बॅग, हातात तिकिटाचं मशीन, गाडी खड्ड्यातून उड्या मारत चाललेली आणि मी मधल्या वाटेत दांडीला हात न लावता उभा. नवीन ड्रायव्हर मुद्दाम ब्रेक मारून बघायचे. मी एकाही सीटवर कधी कलंडलो नाही. माणसाला कशाचा ना कशाचा तोरा असतो, माझा हा होता. निवृत्त होऊन केदारखेड्याला घर बांधून राहिलो तरी तोरा तसाच होता.

प्लॅस्टर निघालं, मनगट जुळलं, पण मी काही पूर्वीचा राहिलो नाही. हे मला कळायच्या आधी बायकोला कळलं. घरातल्या घरात मी भिंतीला हात लावून चालायला लागलो होतो. आमच्या दारासमोर नाली आहे, तिच्यावर दगडी फरशी टाकलेली आहे. ती ओलांडली की पलीकडे चहाचं हॉटेल. रोज सकाळी तिथं बसायचा माझा नेम होता. तो सुटला. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, घरचा चहाच चांगला लागतो आता.

एक दिवस ही म्हणाली, "तुम्ही फरशीला भिऊन राह्यले."

"फरशीला कशाला भ्यायचं?"

"मंग जाऊन या बरं."

मी चप्पल घातली, फरशीपर्यंत गेलो, नालीतलं पाणी बघितलं आणि परत आलो. ती दारातच उभी होती. दुसऱ्या दिवशी तिनं जालन्याच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी सांगितलेल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मला घेऊन गेली.

तिथं एक तरुण मुलगी होती. मुलगी म्हणजे डॉक्टरीणच, पण आमच्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान दिसत होती. तिनं माझ्या मनगटाकडे फारसं बघितलं नाही. खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "काका, हात छातीवर घ्या आणि हाताचा आधार न घेता उठा."

मी उठायला गेलो आणि अर्ध्यातून परत बसलो. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तिनं मला टेबलाजवळ उभं केलं आणि एक पाय उचलायला सांगितला. पाय जमिनीवरून सुटला न सुटला तोच मी टेबल गच्च पकडलं.

"चक्कर येते का? चष्मा कधी तपासला? बीपीची गोळी कधी घेता?" तिनं सगळं विचारलं. चष्म्याचा नंबर बदललेला होता, तो तपासायला सांगितला. न्हाणीच्या दारातलं सरकणारं पायपुसणं काढून टाकायला सांगितलं. मग खुर्ची ओढून समोर बसली.

"काका, मांड्या कमजोर झाल्यात. त्या होतील परत. पण पडायच्या भीतीनं तुम्ही चालणं कमी केलंय. चालणं कमी केलं की पाय आणखी कमजोर होतात, मग भीती आणखी वाढते. हे मधेच कुठंतरी तोडलं पाहिजे."

फरशीची गोष्ट बायकोनं तिला कधी सांगितली असा प्रश्न मला पडला. तिनं सांगितलीच नव्हती.

त्या मुलीनं मला काही साधे व्यायाम दिले. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, खुर्चीतून उठायचं बसायचं, एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून चालायचं. आणि शेवटी म्हणाली, "तोलासाठी ताई ची फार छान आहे. ते पण शिकवते मी."

"कोणाच्या ताईची?" बायकोनं विचारलं.

ती हसत सुटली. मग तिनं समजावलं की हा चीनमधला जुना व्यायाम आहे, अगदी सावकाश करायचा, गुडघे जरासे वाकवून, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचा, हात वाऱ्यासारखे फिरवायचे. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, पण तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. घरी आल्यावर तिनं गल्लीत सांगितलं, "जालन्याच्या ताईची कसरत करायची आहे यांना." तेव्हापासून ती डॉक्टरीण ताई झाली आणि व्यायाम ताईची झाला.

ताईचं सासर भोकरदनला होतं. दर रविवारी सकाळी नवराबायको जालन्याहून गाडीनं जायचे. वाटेत आमचं गाव. तीच म्हणाली की तुमच्यासारखी आणखी कोणी मंडळी गावात असतील तर जमवा, मी जाता जाता थांबत जाईन. नवरा समोरच्या हॉटेलात पेपर वाचत बसे आणि ती आमच्या अंगणात यायची.

मंडळी जमवायचं काम बायकोनं केलं. पहिली आली आपा. दोन घरं सोडून राहते. सगळं गाव तिला आपा म्हणतं. नवरा बांगड्या विकायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलाचं सायकल आणि मोटारसायकलच्या सामानाचं दुकान आहे. आपा ओसरीवरून पडली होती, तेव्हापासून ॲल्युमिनियमचा वॉकर घेऊन चालायची. वॉकर आधी पुढे ठेवायचा, मग त्याच्याशी काहीतरी बोलायचं, मग पाऊल टाकायचं, अशी तिची पद्धत.

दुसरे आले आबा. मेंढरं राखण्यात त्यांची जन्माची पायपीट झालेली. आता मुलं शेती करतात आणि घरी थोड्या शेळ्या आहेत. आबांना कोणी बोलावलं नव्हतं. अंगणात खुर्च्या मांडलेल्या दिसल्या म्हणून चहाच्या आशेनं आले आणि थांबले. आबांना काठीवर हनुवटी टेकवून एका पायावर तास न् तास उभं राहायची सवय. ते बघून मी ताईला म्हणालो, "आबांना काय शिकवणार तुम्ही? त्यांचा तोल पक्का आहे."

ताई म्हणाली, "आबा, काठी जरा बाजूला ठेवता का?"

आबांनी काठी भिंतीला टेकवली, एक पाय उचलला आणि दोन्ही हात हवेत मारत माझ्या खांद्यावर येऊन पडले. मी खुर्चीवर होतो म्हणून निभावलं.

"काठीचा तोल होता तो," आबा म्हणाले. "माह्या कधी ध्यानातच आलं न्हाई."

तर असे आम्ही चौघं. बायकोला काही झालेलं नव्हतं, पण दुसऱ्यांना चुका दाखवता याव्यात म्हणून ती सामील झाली होती. प्रत्येकाच्या मागे एक पक्की खुर्ची. ताई समोर उभी राहून दाखवायची.

पहिल्या रविवारी आम्ही सावकाश हा शब्द शिकलो. आपल्याला वाटतं सावकाश करणं सोपं. तसं नाही. हात झटकन वर न्या, काही वाटत नाही. तोच हात श्वासाबरोबर हळूहळू वर न्यायचा, हळूहळू खाली आणायचा, तोवर गुडघे वाकलेलेच ठेवायचे, म्हणजे मांड्या अशा थरथरतात की विचारू नका. आबा मध्येच म्हणाले, "ताई, तुमचा मोबाईल अडकला काय? लई हळू चालून राह्यला."

ताईनं सांगितलेली मूळची नावं आमच्या लक्षात राहीनात. घोड्याची आयाळ, पांढरा बगळा, ढगांचे हात. मग प्रत्येकानं आपापली नावं ठेवली. दोन्ही हातांनी काहीतरी बाजूला सारत पुढे पाऊल टाकायचा एक प्रकार होता. बायको म्हणाली, हे तर ज्वारीच्या उभ्या पिकातून वाट काढणं. तेच नाव पडलं. दोन्ही तळवे पुढे ढकलायचे, त्याला मी गाडीचं दार म्हणालो. ढगांच्या हातांना आपानं पडदे सरकवणं म्हटलं, कारण हात डोळ्यांपुढून एकदा इकडे आणि एकदा तिकडे जायचे. ताईनं ही नावं आनंदानं घेतली. पुढे ती स्वतःच म्हणायची, "चला, आता ज्वारीत शिरा."

भार एका पायावरून दुसऱ्यावर नेताना मला एक दिवस एकदम ओळखीचं काहीतरी जाणवलं. गुडघे सैल, पाय खांद्यांइतके फाकलेले, वजन इकडून तिकडे. अरे, हे तर मी गाडीत करत होतो. वळण आलं की आपसूक करत होतो. निवृत्त झालो, खुर्चीत बसलो, आणि पाय ते विसरले. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "विसरले नाहीत काका, झोपलेत. उठवू आपण."

रस्त्यावरून जाणारे येणारे थांबून बघायचे. हॉटेलातले लोक कप हातात घेऊन दारात यायचे. आपाला सुरुवातीला लाज वाटायची. पदर डोक्यावरून पुढे ओढून ती भिंतीकडे तोंड करून करायची. एकदा हॉटेलवाला पलीकडून ओरडून म्हणाला, "आपा, कुस्ती कधी आहे?" आपानं सावकाश वळून त्याच्याकडे बघितलं. हात पुढे ढकलतच म्हणाली, "पहले तू एका पायावर चहा गाळून दाखव." तो खरोखर एका पायावर उभा राहिला, चहा कपाबाहेर गेला आणि नंतर त्यानं आम्हाला कधी छेडलं नाही. उलट रविवारी ताईच्या नवऱ्याबरोबर आम्हालाही चहा पाठवू लागला.

एक धडा मात्र कोणालाच करायचा नव्हता. ताई एकदा म्हणाली, "आज जमिनीवर झोपायचं आणि उठायचं. पडलात तर घाबरून ओढाताण करू नका. आधी कुठं लागलंय का बघा. मग कुशीवर वळा, हातापायांवर या, रांगत खुर्चीपर्यंत जा, खुर्चीला धरून एक पाय पुढे ठेवा आणि उठा."

आबा सरळ म्हणाले, "मी न्हाई. चांगलं उभं असलेल्या माणसानं अंगणात कशाला आडवं व्हायचं? लोक काय म्हनतील?"

मलाही नको वाटत होतं. पडायची भीती जाण्यासाठी मी आलो होतो, आणि ताई मला खाली पाडत होती. तेवढ्यात आपानं वॉकर बाजूला सारला. "मी ओसरीवरून पडले ना, तर अर्धा दिवस तशीच होते," ती म्हणाली. "पोरगा दुकानात. पाय बराबर होते, बिलकुल लागलं नव्हतं. पण उठायचं कसं तेच सुचेना. छताकडं बघत राह्यले." आणि ताईचा हात धरून ती सतरंजीवर आडवी झाली. मग कुशीवर वळली, गुडघ्यांवर आली, रांगली आणि खुर्चीला धरून उभी राहिली. उभी राहिल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. बायकोनं तिचा पदर नीट केला.

आपानंतर आम्ही सगळेच आडवे झालो. आबा शेवटी झाले, तेही डोक्याखाली पटका घेऊन. तिथंच त्यांना डुलकी लागली आणि ताईला त्यांना हलवावं लागलं.

काही आठवड्यांनी आबा एका रविवारी उशिरा आले. कोपर खरचटलेलं होतं. तोंडावर मात्र लग्नाहून आल्यासारखा आनंद.

"काय झालं आबा?"

"पडलो," आबा खुर्चीत बसत म्हणाले. "शेळीच्या मागं वावरात गेल्तो. बांधावरून पाय सरकला, आडवा झालो."

"मग?"

"मंग काय? आधी बघितलं कुठं लागलं का. न्हाई लागलं. कुशीवर झालो. रांगत बाभळीपर्यंत गेलो. खुर्ची न्हवती तिथं, म्हनून बाभळीला धरलं. उठलो. घरी आलो." थोडं थांबून म्हणाले, "काटे टोचले."

ताईनं त्यांचं कोपर तपासलं, पाय हलवून बघितले, डोक्याला मार नाही ना म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. आबांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. उठलो, हे त्यांनी त्या दिवशी गावात भेटेल त्याला सांगितलं. पडलो हे फक्त उठलो सांगण्यापुरतं.

एव्हाना मी नालीवरची फरशी ओलांडत होतो. कोणत्या दिवशी पहिल्यांदा ओलांडली ते मला आठवत नाही. चहा पिऊन परत येताना मध्यावर पोचल्यावर लक्षात आलं की आपण फरशीवर आहोत. हिला सांगितलं तर म्हणाली, "मला म्हाईत आहे. तुम्ही चार दिवसापासून जाऊन राह्यले."

मग आपाची गोष्ट निघाली. तिची धाकटी बहीण वडीगोद्रीला राहते. तीही न्हाणीत पडली होती. हाड जुळलं, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं, पण ती खाटेवरून उतरायला तयार नव्हती. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या. भेट मात्र दोघी पडल्यापासून झालेली नव्हती. आपाला जायचं होतं आणि तेही लाल गाडीनं. मुलगा म्हणाला, "अम्मी, मी कार करतो ना."

"कारमंदी मी सामानासारखी जाते," आपा म्हणाली. "तू उचलतो, तू ठेवतो. मला माझ्या पायानं चढून जायचं आहे."

अडचण होती गाडीच्या पायरीची. लाल गाडीची पहिली पायरी किती उंच असते ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? म्हाताऱ्या माणसांना बखोटीला धरून मी आयुष्यभर वर ओढत आलो होतो. घर बांधताना उरलेले सिमेंटचे ठोकळे मागे पडले होते. ते मी अंगणात आणून रचले. पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या जरा खाली, मग तिच्या वर आणखी दोन. बाजूला कपडे वाळत घालायचा लोखंडी पाइप होता, तो दांडी झाला. ताईनं रविवारी येऊन आधी स्वतः त्यावर चढून, हलवून बघितलं. दोन ठोकळे डुगडुगत होते, ते सिमेंटनं पक्के करायला लावले.

"चढताना आधी चांगला पाय," ती म्हणाली. "उतरताना आधी दुखरा पाय. हे पाठ करा."

आपाचा उजवा गुडघा जुनाच दुखायचा, म्हणून चांगला पाय डावा. ती दांडी धरायची, डावा पाय वर ठेवायची, क्षणभर थांबायची, भार त्याच्यावर न्यायची आणि मग उजवा आणायची. भार न्यायचं तिनं ताईचीतच शिकून घेतलं होतं. ठोकळ्यांच्या पुढे आम्ही खुर्च्या दोन दोन करून मांडल्या. बायको आणि आबा आधीच खिडकीच्या जागा धरून बसलेले असायचे. मी जुनी बॅग खांद्याला लावून उभा राहायचो.

"चला, राजूर, जालना, अंबड, वडीगोद्री. पुढे सरका."

आबा म्हणायचे, "कंडक्टर, खिडकी लागत न्हाई." बायको म्हणायची, "ह्या गाडीत गर्दी लई आहे." आपा हसता हसता पायरीवर थांबायची आणि मी तिला हसू नका, आधी चढा म्हणून दरडावायचो. सरावाला म्हणून सुरू केलेला तो खेळ आम्ही जरुरीपेक्षा जास्त दिवस खेळलो.

शेवटी एका सकाळी आम्ही चौघं फाट्यावर जाऊन उभे राहिलो. आपाच्या हातात वॉकर, बायकोच्या हातात डब्याची पिशवी. आपाचा मुलगा मोटारसायकल लावून लांब उभा होता आणि आमच्यापेक्षा तोच घाबरलेला दिसत होता. गाडी आली. कंडक्टर एक तरुण बाई होती. मी म्हणालो, "बाई, जरा वेळ लागेल." तिनं आपाकडे बघितलं, वॉकर घडी करून आत घेतला आणि घंटीची दोरी सोडून बाजूला उभी राहिली.

मागून कोणीतरी म्हणालं, "जल्दी करा हो."

आपानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दांडी धरली. डावा पाय वर. थांबली. मी तिच्या मागे हात पसरून उभा होतो, पण हात लावायची गरज पडली नाही. भार पुढे गेला, उजवा पाय आला. दुसरी पायरी, तिसरी. वर पोचून ती म्हणाली, "भाई, तुमच्या घरची गाडी जास्त उंच आहे."

मुलानं मोटारसायकलवर टेकलेला हात उचलून डोळे पुसले आणि पाठ फिरवली.

त्या कंडक्टर बाईनं आपा सीटवर नीट बसेपर्यंत घंटी दिली नाही. मला ते फार आवडलं. ती तिकिटं फाडत मधून चालत होती, कशालाही न धरता. मीही उठून उभं राहावं असं क्षणभर मनात आलं. पण ताईनं बजावलं होतं आणि बायकोनं माझ्या सदऱ्याचं टोक धरूनच ठेवलं होतं. मी पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून मजेत बसून राहिलो. खिडकीतून वारा येत होता. इतक्या वर्षांत मी हा रस्ता बसून कधी बघितलाच नव्हता.

जालन्याला गाडी बदलली. तिथं उतरताना आबा काठी विसरले. ती गाडी निघून गेली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या गाडीपर्यंत बसस्टँडच्या गर्दीतून चालायचं होतं. आबा दोन मिनिटं तसेच उभे राहिले. मग त्यांनी हात जरा बाजूला पसरले, गुडघे सैल केले आणि चालायला लागले. बायको त्यांच्या शेजारून, मी मागून. अंबडकडच्या गाडीत बसल्यावर म्हणाले, "हात मोकळे राह्यले की चांगलं वाटतं. पण काठी नवीच घ्यावी लागन. कुत्र्याला काय दाखवू?"

आपाच्या बहिणीचं घर महामार्गाजवळच्या दुकानांच्या मागे होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती खाटेवर बसलेली होती. आपा वॉकर घेऊन दारातून आत आली. बहिणीनं तिला बघितलं आणि हात पुढे केले. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रडता रडता तू किती सुकलीस आणि तू किती जाड झालीस असं सुरू झालं. मग त्या हसायला लागल्या. आम्ही बाहेर ओसरीवर बसलो. बहिणीच्या सुनेनं बिर्याणी केली होती. हिनं आमच्यासाठी ज्वारीच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा नेला होता. ठेचा मात्र सगळ्यांनीच खाल्ला. आबांनी दुधाची खीर तीनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर आपा बहिणीला म्हणाली, "चल, उठ गे."

"नै आपा, गिर जाऊंगी."

"मैं हूं ना."

मी मध्ये पडलो. "आपा, ताईला विचारल्याशिवाय न्हाई." आपानं मान हलवली. ते तिलाही पटलं. मी ताईला व्हिडिओ कॉल लावला. ताईनं सुनेकडून सगळं विचारून घेतलं. डॉक्टर काय म्हणाले, दुखतं का, पायाला मुंग्या येतात का, चक्कर येते का. बहिणीचे पाय बसल्या जागी हलवायला लावले, गुडघे सरळ करायला लावले. मग म्हणाली, "हाड जुळलंय आणि त्यांच्या डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय ना, मग आज फक्त उठायचं आणि बसायचं. दोघांनी दोन बाजूंनी थांबा. घाई नाही."

एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला माझी बायको. आपा समोर खुर्चीवर बसली आणि तिनं बहिणीच्या डोळ्यांत बघत सुरुवात केली. "पाव पीछे ले. और पीछे. नाक आगे. अब जमीन को ढकेल."

हे ती ताईचंच बोलत होती, शब्दाला शब्द. पाय मागे, नाक पुढे, जमीन ढकला. बहीण अर्ध्यात उठली आणि बसली. आपानं पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात, न रागावता. तिसऱ्या की चौथ्या वेळेस ती उभी राहिली. थरथरत होती, बायकोच्या दंडात तिची बोटं रुतली होती, पण उभी होती. सुनेनं तोंडावर हात घेतला.

"बैठ अब," आपा म्हणाली. "हळू. धपकन् नै."

मग आपा स्वतः उठली आणि वॉकर सोडून खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "बघ," म्हणाली, आणि तिनं दोन्ही हात एकेक करून डोळ्यांपुढून पडद्यासारखे सरकवले. आम्हीही उठून तिच्या बाजूला उभे राहिलो. महामार्गावरून ट्रक धडधडत जात होते आणि ओसरीवर आम्ही चार म्हातारी माणसं सावकाश हात हलवत होतो. बहीण खाटेवर बसून आमच्याबरोबर हात फिरवत होती. शेजारच्या बायका भिंतीवरून बघायला लागल्या. आबा त्यांना म्हणाले, "या की. ज्वारीत शिरायचं आहे आता."

संध्याकाळी घरी पोचलो. गाडीतून उतरताना आपानं आधी दुखरा पाय खाली टाकला. मुलगा फाट्यावर वाट बघत उभा होता. तिनं वॉकर त्याच्या हातात दिला आणि त्याचा दंड धरून घरी गेली.

रविवारचा वर्ग आता मोठा झाला आहे. हॉटेलवाल्याची आई येते, तिच्या दोन मैत्रिणी येतात. खुर्च्या कमी पडतात. वडीगोद्रीची बहीण फोनवरून हजर असते. आपा फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवते आणि स्पीकर सुरू करते.

मागच्या रविवारी आम्ही गाडीच्या दारापर्यंत आलो होतो, तळवे पुढे ढकलत होतो, तेवढ्यात फोनमधून आवाज आला. "आपा, मी दरवाज्यापर्यंत आले. खाटेपासून. माझी बहू लांब उभी आहे, तिनं हात लावला नाही. आता काय करू?"

आम्ही सगळे हात तसेच पुढे धरून थांबलो. आपानं ताईकडे बघितलं.

ताई फोनजवळ गेली. "शाब्बास," म्हणाली. "आता हळूच वळा आणि परत या."